लोकांना विचारत बसले की रेल्वे होत नाही, हा समज

निपाणी-खानापूर पट्ट्यात एस.टी.च्या वेळापत्रकाचा विषय निघाला की कुणीतरी स्वित्झर्लंडचा दाखला देतो: देश छोटा, सरकार वरून ठरवते, म्हणून गाड्या वेळेवर धावतात. हा समज चुकीचा आहे.

तेथे पूर्व-पश्चिम अतिवेगवान मार्गाची योजना प्रथम वरूनच आखली गेली होती. परंतु १९८० च्या दशकात तिच्यावर मते मागवली तेव्हा, मार्गाचा लाभ न मिळणाऱ्या प्रांतांनी, ज्यांना तेथे कँटन म्हणतात, विरोध केला आणि ती मागे पडली. तिच्या जागी आलेल्या ‘बान २०००’ योजनेचा भर वेगाऐवजी मोठ्या स्थानकांवर गाड्यांची परस्परांशी गाठ घालण्यावर होता. ६ डिसेंबर १९८७ रोजी ती सार्वमताने मंजूर झाली, आणि मुख्य टप्पा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाला. सतरा वर्षे हा काळ थोडा नव्हे, हे मान्यच. पण विलंबाचे खापर विचारपूस करण्यावर फोडता येत नाही, कारण विचारपुशीत अडली ती पहिली योजना होती. आजही वेळापत्रकाचा मसुदा दरवर्षी लोकांच्या सूचनांसाठी खुला होतो.

आपल्याकडे अशी सोयच नाही, हेही खरे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ८८ नुसार, दोन राज्यांमधील परवान्यांच्या कराराचा प्रस्ताव राजपत्रात आणि प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात प्रसिद्ध करून निवेदने मागवावी लागतात, आणि त्यांवर विचार करण्याची तारीख राजपत्रातील प्रसिद्धीपासून किमान तीस दिवसांनंतरची ठेवावी लागते. बेळगाव-कोल्हापूरसारख्या आंतरराज्य मार्गांच्या करारांनाही हेच कलम लागू आहे.