पडलेली भिंत आणि ‘दुरुस्ती’ हा शब्द

पावसाळा सरला की लोणारसारख्या गावात नगरपालिकेच्या टेबलाशी एकच प्रश्न येतो: भिंत पडली, उभी करू का? दैत्यसूदनाचं मंदिर भर वस्तीत आहे, त्याला लागून गल्ल्या आहेत आणि गल्ल्यांत धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं. मंदिर केंद्र संरक्षित असल्यामुळे पालिकेला एकटीला हो म्हणता येत नाही. आधी केंद्राच्या पुरातत्त्व यंत्रणेचं ना-हरकत, मग पालिकेची परवानगी. लोकांना हा क्रम पिढ्यान् पिढ्यांचा वाटतो, प्रत्यक्षात तो फार जुना नाही.

देशभरासाठी जुन्या वास्तूंचा पहिला कायदा 1904 चा. वऱ्हाड त्याआधी वर्षभरच मध्य प्रांताला जोडलं गेलं होतं. पुढे 1958 मध्ये केंद्राचा आजचा कायदा झाला आणि 1960 मध्ये महाराष्ट्राचा स्वतःचा. या साऱ्या काळात सरकारचं लक्ष देवळावर, वेशीवर, तटावर होतं. शेजाऱ्याच्या घरावर होतं म्हणावं तर 1959 च्या नियमांत स्मारकाभोवतीचं क्षेत्र ‘प्रतिबंधित’ (बांधकामाला मनाई) किंवा ‘विनियमित’ (परवानगीनंच बांधकाम) जाहीर करण्याची तरतूद होती, इतकंच. गल्लीतल्या माणसाला तिची झळ लागली नव्हती.

ती लागली 16 जून 1992 च्या अधिसूचनेनं. संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत प्रतिबंधित, त्यापुढे 200 मीटर विनियमित, असं सरसकट ठरलं. दिल्लीतली कबर असो की बुलढाणा जिल्ह्यातल्या साकेगावचं हेमाडपंती देऊळ, माप एकच. चंद्रपूरला तर संरक्षित वस्तू म्हणजे शहराला वेढणारा गोंडकालीन परकोट. तिथे 100 मीटर भिंतीच्या आतही मोजायचे आणि बाहेरही.

अधिसूचना निघाली, पण सवलतीही दिल्या जात राहिल्या. त्यासाठी एक तज्ज्ञ समिती होती. 2009 च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयानं त्या समितीला कायद्याचा आधार नसल्याचं सांगितलं. लगेच जानेवारी 2010 मध्ये अध्यादेश आला, मार्चमध्ये दुरुस्ती कायदा आला. आधी दिलेल्या परवानग्या वैध करून घेतल्या आणि पुढे प्रतिबंधित क्षेत्रात नव्या बांधकामाचं दार बंद केलं. महानगरांतल्या इमारतींवरून पेटलेल्या वादाचा निकाल वऱ्हाडातल्या मातीच्या घरांनाही लागू झाला. हे माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात कमी बोललं गेलेलं वळण आहे.

खरा गुंता शब्दांचा आहे. 2010 च्या कायद्यानं तीन कामं वेगळी केली. ‘बांधकाम’ म्हणजे नवीन. ‘पुनर्बांधकाम’ म्हणजे पूर्वी होती ती वास्तू त्याच लांबी-रुंदीत, त्याच उंचीत पुन्हा उभारणं. ‘दुरुस्ती व नूतनीकरण’ म्हणजे असलेल्या वास्तूत बदल, पण वरच्या दोन्हींपैकी काहीही नाही. विनियमित क्षेत्रात तिन्हींसाठी अर्ज करता येतो. प्रतिबंधित क्षेत्रात फक्त तिसऱ्यासाठी, तोही घर 16 जून 1992 पूर्वीचं असेल किंवा नंतर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीनं बांधलं असेल तरच.

कागदावर हे स्वच्छ दिसतं. धाब्याचं घर मात्र या तीन खणांत बसत नाही. भिंत पांढऱ्या मातीची, वर सागवानी तुळया, त्यावर किलचण (लाकडी काटक्या-पट्ट्यांचा थर), त्यावर खारी माती. दोन-चार पावसाळे धाब्याकडे लक्ष दिलं नाही की पाणी भिंतीत उतरतं आणि एके रात्री भिंत तुळईसकट बसते. ती परत घालायची म्हणजे दुरुस्ती की पुनर्बांधकाम? घरमालक म्हणतो दुरुस्ती, कारण त्याच्या आजानंही तेच केलं. मोजायला आलेला माणूस म्हणतो, इथं तर काही उभंच नाही, दुरुस्ती कशाची? विटा-सिमेंटच्या घराला भेग पडते. मातीचं घर पडतं आणि पुन्हा घातलं जातं, हीच त्याची निगा. व्याख्या करणाऱ्यांसमोर विटांचं घर असावं, असंच वाटतं.

दुसरी अडचण तारखेची. 1992 पूर्वी घर होतं याचा पुरावा काय? पालिकेचा करआकारणीचा उतारा, सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका, एखादं जुनं लाइट बिल. उताऱ्यावर नाव आजोबांचं, अर्जावर नातवाचं आणि मधल्या वारसनोंदी कुणीच केलेल्या नाहीत. अर्ज अडतो तो बहुधा इथेच.

पालिकेच्या बाजूनंही सूर जुळत नाही. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे गिलावा, रंग, कौलं बदलणं अशा किरकोळ कामांना परवानगीच लागत नाही. केंद्राच्या व्याख्येत अशी यादी नाही. सार्वजनिक नाल्या, मुताऱ्या, पाणी आणि वीजपुरवठ्याची कामं मात्र ‘बांधकामा’तून वगळली आहेत. म्हणजे गल्लीतली नाली होते, नालीकाठच्या घराचं अडतं. मुदती कायद्यात आहेत: अर्ज 15 दिवसांत पुढे जावा, शिफारस दोन महिन्यांत यावी, त्यानंतर महिन्यात निर्णय कळावा. हे हिशेबानं धरलं तरी हिवाळा निघून जातो.

घरकुल योजनेनं ताण वाढवला. तिथे जुनं पाडून नवं बांधायचं असतं, म्हणून 100 मीटरच्या आतला लाभार्थी यादीत असूनही कोरडा राहतो. 2017 चं एक विधेयक प्रतिबंधित क्षेत्रात सार्वजनिक प्रकल्पांना वाट करून देणारं होतं. लोकसभेत ते जानेवारी 2018 मध्ये मंजूर झालं, राज्यसभेनं प्रवर समितीकडे धाडलं. त्यातही रस्ते आणि पूल होते, कुणाची पडकी भिंत नव्हती.

गावोगावच्या देशमुखांच्या गढ्या आणि पूर्व विदर्भातले मालगुजारी वाडे बहुतेक संरक्षित वास्तूंच्या कुठल्याच यादीत नाहीत. त्यांना विचारणारं कुणी नाही. गढीची माती पोती भरभरून जाते.

एका घरी मी पाहिलं. तीन खणांचं घर, तीन वर्षांत तीन भिंती विटांच्या झाल्या. चौथ्या वर्षी धाबं उतरून पत्रे चढले. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात चारही अर्जांवर एकच शब्द होता: दुरुस्ती.