आवडतीचा मुलगा, नावडतीचा मुलगा : याकोबाच्या घराची पार्श्वभूमी

मसुरीच्या वरणापायी विकलेला ज्येष्ठत्वाचा हक्क, आंधळ्या इसहाकाला फसवून मिळवलेला आशीर्वाद, भावांनी विकलेला योसेफ. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकातल्या या कथा परिचयाच्या आहेत : इसहाकाचा धाकटा मुलगा याकोब थोरल्या एसावाचा हक्क आणि आशीर्वाद मिळवतो, आणि पुढे याकोबाच्याच लाडक्या मुलाला, योसेफाला, त्याचे भाऊ विकतात. त्या आईबापांचा दुजाभाव झाकत का नाहीत, हे कळायचे तर त्या कोणत्या काळात लिहिल्या-जोडल्या गेल्या तिकडे पाहावे लागते.

अतिप्राचीन काळाचे धागे थोडेच आहेत. १९२५ ते १९३१ या काळात इराकमधल्या किरकूकजवळ नुझी येथे मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. त्या इ.स.पू. १५व्या-१४व्या शतकांतल्या. त्यातल्या एका करारात एक भाऊ आपल्या वाट्याची बाग तीन मेंढरांच्या बदल्यात दुसऱ्या भावाला देतो. एसावाचा सौदा आठवून अनेकांना कुलपतींचा, म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब या मूळपुरुषांचा, काळच हाती लागला असे वाटले. १९७०च्या दशकात हा विश्वास ओसरला, कारण असे रिवाज पुढेही कित्येक शतके चालू होते.

खरी गुंतागुंत दिसते ती 'अनुवाद' नावाच्या, बायबलच्या पाचव्या पुस्तकातल्या नियमशास्त्रात. बहुतेक अभ्यासक त्याचा गाभा इ.स.पू. ७व्या शतकातला मानतात. त्याच्या २१व्या अध्यायात नियम आहे : एखाद्याच्या दोन बायकांपैकी एक आवडती आणि एक नावडती असेल, आणि थोरला मुलगा नावडतीचा असेल, तर आवडतीच्या मुलाला ज्येष्ठत्व देता येणार नाही, दुहेरी वाटा नावडतीच्या मुलालाच. 'नावडती'साठी इथे जे हिब्रू विशेषण आहे, तेच उत्पत्तीत याकोबाच्या नावडत्या बायकोसाठी, लेआसाठी, आले आहे. म्हणजे आवडत्या राहेलीच्या योसेफाला झुकते माप देऊन इस्राएलच्या मूळपुरुषानेच, याकोबानेच, हा नियम मोडला होता. संकलनकर्त्यांसमोर दोन्ही मजकूर होते, तरी त्यांनी याकोबाला सावरून घेतले नाही. हा प्रामाणिकपणा मला या ग्रंथाचे मोठे बळ वाटतो.

इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्यापुढे यरुशलेम पडले तेव्हा शेजारचे अदोमी लोक शत्रूला सामील होते, असा राग संदेष्ट्यांच्या लिखाणात आहे. अदोम म्हणजे एसावाचा वंश. बाबेलमधल्या बंदिवासानंतर मलाखी या संदेष्ट्याच्या ग्रंथात देवाच्या तोंडी वाक्य येते : याकोबावर मी प्रीती केली, एसावाचा द्वेष केला. उत्पत्तीत असे काही नाही. तिथे एसाव वीस वर्षांनी भेटणाऱ्या भावाकडे धावत येतो, गळ्यात पडतो, दोघे रडतात. पुढे इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस एका यहूदी सत्ताधीशाने अदोमींच्या वंशजांची सक्तीने सुंता करवली, आणि रब्बींच्या, म्हणजे यहूदी धर्मपंडितांच्या, काळात एसाव म्हणजे रोम असे समीकरण रूढ झाले. राजकारणाचा भार एका भावावर पडत गेला. एसावावर हा अन्यायच झाला.

सर्वात मोठा घोळ याकोबाने योसेफाला दिलेल्या अंगरख्याचा. हिब्रूत शब्द आहेत 'केतोनेत पस्सीम'. केतोनेत म्हणजे अंगरखा, यात वाद नाही. 'पस्सीम'चा अर्थ मात्र कुणालाच खात्रीने सांगता आलेला नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या ग्रीक भाषांतराने उत्पत्तीत 'नानारंगी' असा अर्थ घेतला, आणि १६११च्या इंग्रजी भाषांतरामुळे तोच जगभर पसरला. मराठी बायबलात 'पायघोळ झगा' आहे. चित्रांतला योसेफ मात्र आजही रंगीत पट्ट्यांच्या झग्यात दिसतो. 'पस' म्हणजे हाताचा किंवा पायाचा तळवा, हा अर्थ धरला तर तो मनगटापर्यंत बाह्यांचा, घोट्यापर्यंत लांब अंगरखा ठरतो.

मला हा दुसरा अर्थ पटतो. हेच दोन शब्द हिब्रू बायबलात आणखी एकाच ठिकाणी येतात, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १३व्या अध्यायात. तिथे हा वेष दावीद राजाची मुलगी तामार हिच्या अंगावर आहे, आणि राजाच्या कुमारी मुली असाच वेष करत असे मजकूरच सांगतो. म्हणजे प्रश्न रंगाचा नाही, मानाचा आहे. लांब बाह्या घालून कुणी मेंढरे हाकत नाही. तू काय आमच्यावर राज्य करणार, हा भावांचा प्रश्न स्वप्न ऐकून येतो खरा, पण तो झगा रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होता. हेब्रोनहून शखेम आणि तिथून दोथानपर्यंत योसेफ तोच घालून चालत गेला.

तामारेवर सावत्र भावाने बलात्कार केला आणि तिने तो अंगरखा फाडला. दावीद संतापला, पण त्याने काही केले नाही. ग्रीक पाठात कारणही आहे : तो मुलगा थोरला होता, बापाचा लाडका होता. दोन्ही घरांत एकच वस्त्र आणि बापाचे एकच दुखणे.

योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढे ठेवला जातो. याकोबाने स्वतःच्या बापाला फसवले तेव्हा हाताला आणि मानेला करडांचीच कातडी बांधली होती.

तालमूद या रब्बींच्या ग्रंथात तर सरळ हिशेब मांडला आहे. मुलामुलांत भेद करू नये. याकोबाने योसेफाला दोन सेला वजनाची तलम लोकर इतरांपेक्षा जास्त दिली, त्यातून भावांना हेवा वाटला आणि आपले पूर्वज मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गेले.

वचन देवाचे आणि वाटणी माणसाची, या ओढाताणीतच या कथांमधली श्रद्धा आहे. शेवटी याकोबाची दृष्टीही इसहाकासारखीच अधू होते. योसेफ आपल्या थोरल्या मुलाला, मनश्शेला, म्हाताऱ्याच्या उजव्या हाताशी उभे करतो. म्हातारा हातांची अढी घालतो आणि उजवा हात धाकट्या एफ्राईमाच्या डोक्यावर ठेवतो. योसेफ तो हात धरून बाजूला करू पाहतो. बाप म्हणतो, ठाऊक आहे मला, मुला, ठाऊक आहे. यहूदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आजही म्हणतात, देव तुला एफ्राईम आणि मनश्शे यांच्यासारखे करो. त्या प्रसंगात मनश्शेच्या तोंडी एकही शब्द नाही.