मोहल्ला समिती

मोहल्ला समिती : शहरातील एखाद्या वस्तीचे रहिवासी आणि तेथील पोलीस यांची, वस्तीची सुरक्षितता व धार्मिक सलोखा टिकवण्यासाठी नेमलेली कायमस्वरूपी समिती. महाराष्ट्रात ही पद्धत भिवंडी (जि. ठाणे) येथे १९८८ च्या सुमारास आकाराला आली आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत काहीशा वेगळ्या रूपात रुजली. समितीला तपासाचे वा शिक्षेचे अधिकार नसतात. तिचे सगळे बळ ओळखीत आणि विश्वासात असते.

उगम : समितीच्या उगमाबद्दल एकमत नाही. पोलीस ठाण्यात सणासुदीपूर्वी भरणारी शांतता समितीची बैठक महाराष्ट्रात जुनीच आहे. मोहल्ला समिती हा तिचाच विस्तार, असे एक मत आहे. दुसऱ्या मताप्रमाणे ही रचना मुळातच निराळी असून तिचे श्रेय भिवंडीचे तत्कालीन पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्याकडे जाते. कालनिर्देशही सारखे नाहीत. अनेक लेखांत ‘१९८४ च्या दंगलीनंतर’ असा मोघम उल्लेख येतो. मात्र खोपडे यांची भिवंडीतील नेमणूक १९८८ ची असल्याने समित्यांची सुरुवात त्या वर्षी किंवा त्यानंतर लगेच झाली असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

या वादाचा निकाल रचनेच्या तपशिलातून लागण्याजोगा आहे. शांतता समितीत नगरसेवक, व्यापारी, धर्मगुरू, पक्षांचे पदाधिकारी अशी शहरातील वजनदार मंडळी असतात. ती बहुधा तणाव निर्माण झाल्यावर किंवा मिरवणुकीच्या तोंडावर बोलावली जाते. भिवंडीत समित्या शहराच्या पातळीवर न नेमता मोहल्ल्यांच्या पातळीवर नेमल्या गेल्या आणि त्यांची संख्या सुमारे ७० होती. सभासद हिंदू व मुस्लिम अशा दोन्ही समाजांतले आणि मुख्यतः सामान्य रहिवासी होते. बैठका वर्षभर चालत आणि त्यांची सूत्रे त्या भागात प्रत्यक्ष काम करणाऱ्या कनिष्ठ पोलिसांकडे असत. म्हणून नावात साम्य असले तरी मोहल्ला समितीला शांतता समितीची शाखा म्हणणे कठीण आहे. शांतता समित्यांचा अनुभव हा तिचा पूर्वेतिहास मानावा, इतपत दुवा मान्य करता येतो.

भिवंडीतील पार्श्वभूमी : यंत्रमागांच्या या शहरात उत्तर प्रदेशातून आलेले मुस्लिम विणकर, तेलंगणातील पद्मशाली (विणकर समाज) आणि स्थानिक मराठी समाज दाटीने राहतात. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवेळी येथे मोठी दंगल उसळली; तिची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. मे १९८४ मध्ये पुन्हा भीषण हिंसाचार झाला व तो ठाणे-मुंबईपर्यंत पसरला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगलीचे दोन टप्पे घडले. त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने तेथील मृतांची संख्या ९०० दिली आहे. त्याच काळात जवळची भिवंडी मात्र शांत राहिली. दोन भीषण दंगलींच्या शहराने हे करून दाखवावे, ही महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातील फार मोलाची घटना आहे.

तिचे कारण काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांच्या मते ज्या शहरांत भिन्नधर्मीयांच्या संस्था आणि संघटना सामाईक असतात तेथे दंगली रोखल्या जातात. असे बंध नसतील तर प्रशासन ते जाणीवपूर्वक उभे करू शकते, याचे उदाहरण म्हणून ते भिवंडीकडे पाहतात. यंत्रमाग धंद्यातील परस्परावलंबनाकडेही बोट दाखवले जाते. पण तो धंदा १९७० व १९८४ मध्येही होताच. त्यामुळे समित्यांना महत्त्व देणारे स्पष्टीकरण जास्त पटते, मात्र तेच एकमेव कारण ठरवण्याइतका पुरावा एका शहराच्या उदाहरणातून मिळत नाही.

मुंबई : पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या कारकिर्दीत, १९९४ च्या सुमारास मुंबईत मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि उद्योजक एफ. टी. खोराकीवाला यांचा या चळवळीत पुढाकार होता. पोलीस व वस्तीतील तरुण यांचे क्रिकेट सामने हा तिचा लोकप्रिय उपक्रम. मानवशास्त्रज्ञ थॉमस ब्लोम हॅन्सन यांनी या समित्यांवर टीका केली असून, पोलिसांशी जवळीक साधू पाहणाऱ्या स्थानिक मध्यस्थांना त्यांतून प्रतिष्ठा मिळते असे म्हटले आहे. हा आक्षेप गंभीर आहे. सभासद कोण निवडतो, हा समितीच्या यशापयशाचा कळीचा प्रश्न त्यातून पुढे येतो.

गुन्ह्यांचे प्रमाण आणि समिती : समितीमुळे वस्तीतील गुन्हे घटतात काय, हे आकड्यांनी दाखवणे अवघड आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग गुन्ह्यांचा दर एक लाख लोकसंख्येमागे काढतो आणि तो राज्य वा महानगराच्या पातळीवर असतो. एका गुन्हा नोंदीत अनेक कलमे असली तरी मोजणीत सर्वांत गंभीर गुन्हाच धरला जातो. मोहल्ल्याचा दर काढायचा तर पोलीस ठाण्याची हद्द आणि जनगणनेचा प्रभाग जुळावे लागतात. ते सहसा जुळत नाहीत. भिवंडी तर ठाणे पोलीस आयुक्तालयात मोडते, त्यामुळे तिचे आकडे त्यातच मिसळतात. शिवाय बाजार, स्थानक, एस.टी. स्टँड असलेल्या भागात दिवसभर बाहेरची माणसे येत-जात असल्याने रहिवाशांच्या संख्येने भागून येणारा दर फुगतो. याहून महत्त्वाची बाब अशी, की पोलिसांवरचा विश्वास वाढला की छेडछाड, घरगुती मारहाण, खंडणी यांच्या तक्रारी पुढे येऊ लागतात आणि नोंदलेले गुन्हे वाढतात. अशी वाढ दिसली म्हणून वस्ती असुरक्षित ठरवणे अन्यायाचे होय. पूर्वी दबून राहिलेली माणसे ठाण्याची पायरी चढू लागली, असाही तिचा अर्थ असू शकतो.

मर्यादा : ५ जुलै २००६ रोजी भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून संघर्ष पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा मृत्यू झाला व जमावाने दोन पोलिसांची हत्या केली. ही दोन समाजांतील दंगल नव्हती. तंटा पोलीस आणि रहिवासी यांच्यातच होता, आणि समितीचा पाया नेमका हाच संबंध असतो. अधिकाऱ्याच्या बदलीनंतर बैठकांचे सातत्य टिकवण्याची व्यवस्था या पद्धतीत अंगभूत नाही.

तत्सम योजना : तामिळनाडूतील ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ (१९९३) व केरळची ‘जनमैत्री’ (२००८) या पोलीस-नागरिक सहकार्याच्या योजना याच जातीच्या आहेत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिचा भर मात्र गावातील तंटे सामोपचाराने मिटवण्यावर आहे.