गिअरचा दांडा कुठून कुठे गेला

दसऱ्याला सोने लुटायच्या आधी छत्रपती घराण्याची मेबॅक ही जुनी जर्मन मोटार कोल्हापूरच्या दसरा चौकात येते. गर्दी गाडीतल्या माणसांकडे बघत असते. मी लहानपणापासून स्टिअरिंगकडे बघत आलो आहे, कारण गिअर कुठून टाकायचा हा प्रश्न ज्या मेबॅक बापलेकांनी पिढीजात सोडवला, त्यांच्याच नावाची ही गाडी.

हे आत्ता लिहायचे कारण साधे आहे. आमच्या घरातली १९७४ ची प्रीमियर पद्मिनी पन्नाशी ओलांडून गेली. तिचा स्टिअरिंगवरचा गिअर काढून खाली फ्लोअरला घ्यावा, असे घरातल्या तरुण मंडळींचे म्हणणे आहे. इचलकरंजीच्या एका स्नेह्याकडे १९६५ ची एमजीबी ही इंग्लिश स्पोर्ट्स गाडी आहे. त्याला ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे इंजिनचे फेरे कमी करणाऱ्या जोड-गिअरचा, डॅशबोर्डवरचा खटका गिअरच्या मुठीवर हवा आहे. दोघांचीही अडचण खरी आहे. पण भोक पाडण्याआधी तो दांडा आणि तो खटका आज आहेत तिथे का आहेत, हे समजून घ्यायला हवे.

सुरुवात मेबॅकपासूनच करावी लागते. विल्हेल्म मेबॅक यांनी डेम्लरसाठी बनवलेली हलकी, पोलादी चाकांची गाडी १८८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. त्या काळी पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्या सर्रास होत्या. या गाडीत दात्यांची चाके होती आणि चार वेग होते. पुढे १९०१ ची पस्तीस हॉर्सपॉवरची मर्सिडीजही त्यांच्याच हातची. तेव्हाच्या गाड्यांमध्ये गिअरचा दांडा बहुधा चालकाच्या बाजूला, हँडब्रेकच्या शेजारी असे. काही वर्षांनी तो आत आला आणि थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर उभा राहिला. यात सांधे कमी, झीज कमी, आणि कोणता गिअर पडला ते हाताला लगेच कळते. दुरुस्तीच्या दृष्टीने याहून सोपी रचना नाही.

मुलाने मात्र उलटी वाट धरली. कार्ल मेबॅक यांनी स्वतःच्या नावाची पहिली गाडी १९२१ साली बर्लिनला दाखवली. तिच्यात गिअरचा नेहमीचा दांडाच नव्हता. दोन वेग, आणि तेही पायाने बदलायचे. इंजिन इतके ताकदवान की बहुतेक वेळ गिअर बदलावाच लागू नये, हा विचार. घाटात आणि लांबच्या रस्त्यावर त्या विचाराला मर्यादा पडल्या असणारच, कारण १९२८ मध्ये त्याच कंपनीने गाडीला ‘श्नेलगांग’, म्हणजे जलद गती देणारा जोड-गिअर बसवला. त्यानंतर मोठ्या झेपेलिन गाड्यांमध्ये दुहेरी श्नेलगांग आला. स्टिअरिंगच्या मध्यावर दोन छोट्या दांड्या. हवा तो वेग आधी निवडून ठेवायचा, मग ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, की इंजिनच्या व्हॅक्यूमच्या जोरावर गिअर आपोआप पडायचा. त्या बदलासाठी क्लच दाबायची गरज नाही. वडिलांनी गाडीला गिअर दिले आणि मुलाने हात स्टिअरिंगवरून न हलवता ते बदलता यावेत म्हणून आयुष्य घालवले. आज मुठीवर खटका मागणारा माझा स्नेही नेमके हेच मागतो आहे.

विल्सनचा आधी गिअर निवडून ठेवायचा गिअरबॉक्स इंग्लंडमध्ये आणि विद्युतचुंबकावर चालणारा कोटालचा फ्रान्समध्ये, हे याच काळातले. दोन्ही देखणे आणि दोन्ही महाग. सामान्य माणसाच्या गाडीपर्यंत पोहोचली ती वेगळीच गोष्ट.

१९३८ च्या सुमारास अमेरिकेत पाँटियाक आणि कॅडिलॅकने दांडा उचलून स्टिअरिंगच्या नळीवर नेला. दोन-तीन वर्षांत तिथे ती रीतच झाली. कारण यांत्रिक नव्हते, माणसांचे होते. पुढे एकसंध बाक, खाली मोकळी जमीन, मग तिघे बसतात. तीच रचना आपल्याकडे फियाट आणि ॲम्बॅसेडरमधून आली. आमच्या पद्मिनीत पुढे तिघे, मागे चौघे आणि मांडीवर एक, असे आम्ही जोतिबाला जाऊन आलो आहोत. तो दांडा खाली असता, तर मधल्याला बसताच आले नसते.

या सोयीची किंमत बॉनेटखाली मोजावी लागते. स्टिअरिंगवरच्या दांड्याला दोन हालचाली असतात. एक गिअरबॉक्समधला फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा काटा, निवडते, दुसरी तो ढकलते. मध्ये सळ्या, लिव्हर आणि बुश, म्हणजे सांध्यातल्या झिजणाऱ्या नळ्या, यांची साखळी. प्रत्येक सांध्यात केसभर प्ले, म्हणजे सैलपणा, आला, की दांड्याच्या टोकाला तो बोटभर होतो. मग गिअर अर्धवट पडतो किंवा दोन लिव्हर एकमेकांत अडकून बसतात. गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात आमची गाडी अशीच दुसऱ्यात अडकली होती. वडिलांनी इंजिन बंद करून बॉनेट उघडले, हातानेच सळी हलवून न्यूट्रल केली आणि पुन्हा बसले. ज्यांनी या गाड्या चालवल्या त्यांना हा प्रकार नवा नाही.

ही झीज म्हणजे रचनेचा दोष, असे समजून लोक दांडा खाली घ्यायला निघतात. माझे मत वेगळे आहे. बुश वेळच्या वेळी बदलले आणि सळ्यांची लांबी नीट लावली, तर हा गिअर हलका आणि नेमका पडतो. त्यासाठी कोल्हापूरइतके सोयीचे गाव नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथवर गनमेटलचा बुश वळवून देणारा कारागीर अजून मिळतो. नमुना नसला तरी पिनेचे माप घेऊन तो काम करतो. बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीने १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा याच गावात बनवला. त्या हातांपुढे गिअरचा बुश काय!

तरीही दांडा खाली घ्यायचाच असेल, तर कंपन्यांनीही तेच केले, हे मान्य करावे लागते. १९९० च्या दशकात इसुझू इंजिनाची ॲम्बॅसेडर पाच गिअरच्या बॉक्ससह आली आणि पद्मिनीलाही शेवटच्या काही वर्षांत फ्लोअर गिअर मिळाला. पण त्या गाड्यांत पुढची आसने सुटी होती. जुन्या गाडीत हे करायचे, तर बाक जातो आणि मधला पत्रा कापावा लागतो. कापलेला पत्रा परत येत नाही.

ओव्हरड्राइव्हची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि मला तरी जास्त आवडती. पद्मिनीचा चौथा गिअर थेट आहे, म्हणजे इंजिनच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचा, गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा, एक फेरा. ओव्हरड्राइव्हमध्ये शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त फिरतो. प्रमाण ०.८ धरले, तर ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत होते, तिथे ते ३२०० वर येते. आवाज उतरतो, पेट्रोल वाचते. पुणे-बंगळूर रस्ता दुपदरी होता तोवर कोल्हापूरकराला याची फारशी निकड नव्हती. रस्ता चौपदरी झाला, तसे जुनी गाडी तासन्‌तास एका वेगाने चालवणे शक्य झाले आणि हा विषय गप्पांत आला.

अमेरिकेत १९३४ पासून क्रायस्लरच्या गाड्यांत बोर्ग-वॉर्नरचा ओव्हरड्राइव्ह येऊ लागला. त्याचा दांडा डॅशबोर्डखाली असे. तो आत ढकललेला असताना कमी वेगात गाडी फ्रीव्हीलवर असते. पाय उचलला, की गाडी मोकळी धावते आणि इंजिनचा ब्रेक मिळत नाही. सपाट प्रदेशात हे सुखाचे. करूळ किंवा आंबा घाट उतरताना मात्र हे जिवावरचे आहे. घाटाच्या माथ्यावर दांडा बाहेर ओढून यंत्रणा बंद करायची, हा नियम आहे. असा दांडा शोभेसाठी काढून टाकायची किंवा हाताला न लागणाऱ्या जागी नेण्याची कल्पना कोणी मांडली, तर त्याला आधी घाट दाखवावा.

इंग्लंडचा लेकॉक-दनॉर्मनव्हिल ओव्हरड्राइव्ह वेगळ्या घडणीचा. एडगर दनॉर्मनव्हिल यांची कल्पना, शेफील्डच्या लेकॉक कंपनीची बांधणी. १९४० चे दशक सरता सरता तो स्टँडर्ड व्हॅनगार्डला मिळू लागला, मग ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जॅग्वार, एमजी असा पसरला. गिअरबॉक्सच्या मागे मधोमध एक सूर्यचाक, त्याभोवती ग्रहचाके, बाहेर कंकणचाक. एरवी शंकूच्या आकाराचा क्लच स्प्रिंगच्या जोराने सगळे एकत्र धरून ठेवतो आणि चाके एका गतीने फिरतात. खटका दाबला, की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर खेचणारे चुंबक, झडप उघडतो, तेलाचा दाब शंकूला मागून पुढे ढकलतो आणि सूर्यचाक जागीच रोखले जाते. मग ग्रहचाके त्याच्याभोवती फिरत कंकणचाकाला जास्त वेगाने पळवतात. या बदलालाही क्लच लागत नाही. तिसऱ्यातही तो चालत असेल, तर चढावर तिसरा आणि चौथा यांच्या मधला एक गिअर फुकट मिळतो.

आता खटक्याच्या जागेबद्दल. पूर्वी तो डॅशबोर्डवर किंवा स्टिअरिंगच्या नळीवर असे. १९७० च्या दशकात ट्रायम्फच्या आणि नंतर एमजीच्या गाड्यांत तो गिअरच्या मुठीत आला. हा निव्वळ फॅशनचा बदल नव्हता. लेकॉकच्या जुन्या ए आणि डी प्रकारच्या युनिटमधला सोलेनॉइड खेचतेवेळी पंधरा-वीस अँपिअर घेतो आणि खेचून झाला, की सुमारे एक अँपिअरवर धरून ठेवतो. एवढा प्रवाह मुठीतल्या नाजूक खटक्यातून नेता येत नाही. नंतरच्या जे आणि एलएच प्रकारांत सोलेनॉइड लहान झाला, प्रवाह दोन-तीन अँपिअरच्या घरात आला, म्हणून बारीक तारा दांड्यातून वर नेणे जमले.

माझ्या स्नेह्याच्या एमजीबीत डी प्रकार आहे. एका गॅरेजवाल्याने आधी खटका थेट मुठीवर घेऊन दिला होता. दुसऱ्याच दिवशी खटका वितळला. मधे रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच, हवाच. मुठीतून फक्त रिलेचा प्रवाह जावा आणि सोलेनॉइडला जाड तार स्वतंत्र फ्यूजमधून मिळावी. त्याचबरोबर सोलेनॉइडच्या लिव्हरचे सेटिंग बघावे लागते. त्यासाठी लिव्हरमध्ये आणि केसिंगमध्ये ३/१६ इंचाचे भोक असते, दोन्हींतून पिन सरळ गेली पाहिजे. सेटिंग चुकले, तर सोलेनॉइड पूर्ण खेचत नाही, मोठा प्रवाह चालू राहतो आणि गुंडाळी जळते. दांड्यातल्या तारा प्रत्येक गिअरला वाकतात, म्हणून त्या लवचीक घ्याव्यात आणि वळणावर नळी घालावी.

एक गोष्ट कधीच काढायची नाही. नको त्या गिअरमध्ये ओव्हरड्राइव्ह चालू होऊ न देणारा, गिअरबॉक्सवरचा इनहिबिटर स्विच. रिव्हर्समध्ये ओव्हरड्राइव्ह चालू राहिला, तर आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच मोडतो आणि सगळे युनिट उतरवावे लागते. नवे वायरिंग करताना हा स्विच ‘नको तेवढे’ म्हणून वगळलेला मी पाहिला आहे.

सरकारी नियमही लक्षात घ्यावा. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी तिच्यात येते. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा, ही अट आहे. खटका हलवणे हा मोठा फेरफार ठरेल असे मला वाटत नाही. मधला पत्रा कापण्याचे मात्र समर्थन करता येणार नाही.

एमजीबीत आम्ही डॅशबोर्डवरचा जुना खटका तसाच ठेवला, तो आता मुख्य स्विच म्हणून काम करतो. मुठीवरचा खटका त्याच्या पुढे जोडला. मूळ मूठ फडक्यात गुंडाळून डिकीत आहे. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगवरच राहिला. चार बुश उद्यमनगरातून वळवून आणले, सळ्या लावल्या. गेल्या रविवारी धाकटीने तिसरा टाकला आणि म्हणाली, “बाबा, हा तर लोण्यासारखा पडतोय.”