ऑनर कोड (कॉलेजातला)

परीक्षेत किंवा असाइनमेंटमधे कॉपी करणार नाही असं विद्यार्थ्यानं शब्दावर लिहून द्यायचं आणि कॉलेजनं तो शब्द खरा मानायचा, काही ठिकाणी तर परीक्षेला वर्गात सुपरवायझरच ठेवायचा नाही, अशी ही मूळ अमेरिकेतली पद्धत. 'सन्मान संहिता' हे भाषांतर कागदावर ठीक आहे, बोलताना ऑनर कोडच म्हणतात.

सुरुवात कुठली यावर दोन दावे आहेत. विल्यम अँड मेरी कॉलेजकडून परंपरेनं 1779 साल सांगितलं जातं, त्यावर्षी थॉमस जेफरसननं त्या कॉलेजची फेररचना केली होती. दुसरा दावा व्हर्जिनिया विद्यापीठाचा, आणि तो जास्त भक्कम वाटतो कारण तिथं तारखेसकट ठराव आहे. नोव्हेंबर 1840 मधे तिथले प्राध्यापक जॉन डेव्हिस यांना कॅम्पसवरच्या दंग्यात तोंड झाकलेल्या एका विद्यार्थ्यानं गोळी घातली, दोन दिवसांनी ते गेले, आणि गोळी घालणाऱ्याचं नाव त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही असं म्हणतात. त्यातूनच ऑनर कोड जन्मला ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, पण तिथलेच प्राध्यापक हेन्री सेंट जॉर्ज टकर यांचा ठराव आला 4 जुलै 1842 ला, म्हणजे मधे जवळजवळ वीस महिने गेले, आणि त्यात खुनाबिनाचा विषयच नाही, फक्त परीक्षेच्या वेळात कुठूनही मदत घेतली नाही एवढंच उत्तरपत्रिकेवर लिहून द्यायचं होतं. त्यामुळं संबंध असलाच तर लांबचा धरावा. मदत 'दिली' पण नाही, हे शपथेत नंतर आलं.

पुढं प्रिन्स्टननं 1893 मधे आणि स्टॅनफर्डनं 1921 मधे ही पद्धत घेतली. व्हर्जिनियात दोषी ठरलं की एकच शिक्षा, कायमचं बाहेर, ती 2022 ला विद्यार्थ्यांच्याच मतदानानं गेली. स्टॅनफर्डमधे 2023 ला प्रायोगिक तत्त्वावर का होईना पण परीक्षेत देखरेख आणायचं ठरलं.

याचा उपयोग होतो का, तर डोनाल्ड मॅकेब आणि लिंडा ट्रेव्हिनो या संशोधकांचा 1993 चा 31 संस्थांमधल्या 6 हजारांवर विद्यार्थ्यांचा सर्वे सगळे आधाराला घेतात. कोड असलेल्या कॉलेजात कॉपी कमी दिसली, पण सगळ्यात जास्त फरक पडत होता तो आजूबाजूची पोरं काय करतात त्यानं, नुसत्या सहीनं नाही. सही फॉर्मच्या खाली घेण्याऐवजी वरती घेतली तर लोक जास्त खरं लिहितात असा 2012 चा एक पेपर पण बराच गाजला होता, तो 2021 ला मागं घेतला गेला कारण त्यातला डेटाच बनावट असल्याचे पुरावे निघाले (प्रामाणिकपणावरचाच पेपर, आता काय बोलणार).

भारतात दुसऱ्याचं लेखन स्वतःचं म्हणून देण्यावर (वाङ्मयचौर्यावर) विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम आहेत पण ते शब्दावर नाही, टक्क्यांवर चालतात. दुसऱ्याच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, 10 ते 40 असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, 40 ते 60 ला वर्षभर सादर करायला बंदी, त्यापुढं नोंदणीच रद्द. अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका मोजत नाहीत आणि सलग 14 शब्दांपर्यंतचं योगायोगानं आलेलं साम्य पण सोडून देतात. दर सेमिस्टरला याबद्दल जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत असंही त्यात आहे. हे सगळं मुख्यतः थिसिस, प्रबंधासाठी, मित्राचं जर्नल उतरवून काढणं यात कुठं बसत नाही. परीक्षा हॉलमधल्या कॉपीसाठी महाराष्ट्रात 1982 चा वेगळा कायदा आहे.