मांजरांचा पॅनल्युकोपेनिया

मांजरांना होणारा अत्यंत संसर्गजन्य विषाणुजन्य रोग. लस न घेतलेल्या पिल्लांना तो बहुधा जीवघेणा ठरतो. विषाणू पार्वो कुलातला असल्याने पाळणारे लोक या रोगाला ‘मांजरांचा पार्वो’ म्हणतात. माणसाला तो होत नाही.

विषाणूचा व्यास जेमतेम 20 नॅनोमीटर. त्याला मेदाचे बाह्य आवरण नसते, त्यामुळे सॅनिटायझरची मात्रा त्याच्यावर चालत नाही. विष्ठेच्या वाळक्या अंशात तो वर्षभरही तग धरू शकतो. चपला, कपडे, टोपली, भांडी यांवरून तो घरात येतो. ‘आमची मनी उंबरठा ओलांडत नाही’ या भरवशावर लस टाळणे म्हणूनच धोक्याचे.

वाढण्यासाठी या विषाणूला विभाजन पावणाऱ्या पेशी लागतात. शरीरात त्या जिथे सर्वाधिक, तिथेच त्याचा घाला पडतो: अस्थिमज्जा, लसीकाग्रंथी, आतड्याचे अस्तर. आतड्याचे अस्तर झडते आणि त्याच वेळी पांढऱ्या पेशी घटतात. निरोगी मांजराच्या रक्तात दर मायक्रोलिटरला साधारण 5,500 ते 19,500 असणाऱ्या या पेशी कधी हजाराच्याही खाली जातात. मग आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात आणि त्यांना अडवायला कोणी उरलेले नसते.

संसर्गानंतर 2 ते 10 दिवसांत ताप, मलूलपणा, पिवळसर पित्ताच्या उलट्या सुरू होतात. जुलाब असलेच तर मागाहून लागतात. मांजर पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसते, पण पीत नाही. काही पिल्ले लक्षणे नीट दिसण्याआधीच दगावतात, तेव्हा कोणीतरी विष घातल्याचा संशय शेजाऱ्यांवर जातो. गाभण मांजरीला लागण झाल्यास गर्भ दगावतात किंवा पिल्लांचा लहान मेंदू, म्हणजे तोल सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग, अपुरा वाढतो. अशी पिल्ले जन्मभर झोकांड्या खात चालतात, मात्र सांभाळले तर मजेत जगतात.

निदानासाठी कुत्र्यांच्या पार्वोचेच किट विष्ठेवर वापरतात; नुकतीच लस दिली असेल तर ते फसवे होकारार्थी उत्तर देऊ शकते. विषाणूवर हमखास औषध नाही. सलाइन, उलटी थांबवणारी इंजेक्शने, प्रतिजैविके आणि ऊब यांवर पहिले काही दिवस निभावले, तर जगण्याची आशा बरीच वाढते. बरे झालेले मांजर काही आठवडे विषाणू बाहेर टाकत राहते.

सफाईत आपल्याकडे हात आधी फिनाईलकडे जातो. ते इथे भरवशाचे नाही, शिवाय मांजरांना विषारी आहे. घाण धुऊन काढावी, मग एक भाग घरगुती ब्लीच बत्तीस भाग पाण्यात मिसळून फरशीवर दहा मिनिटे राहू द्यावे.

लस 6 ते 8 आठवड्यांच्या वयापासून सुरू करून 16 आठवडे पूर्ण होईपर्यंत दर 3–4 आठवड्यांनी देतात. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे सुरुवातीच्या मात्रा निष्प्रभ करू शकतात, म्हणून एकाच मात्रेवर थांबू नये. जिवंत विषाणूची लस गाभण मांजरीला देत नाहीत.

कुत्र्यांचा पार्वो याच विषाणूच्या जवळच्या नात्यातला. तो 1978 च्या सुमारास जगभर पसरला आणि त्याचे नंतरचे प्रकार मांजरांनाही बाधतात. वाघ, सिंह, बिबटेही पॅनल्युकोपेनियातून सुटत नाहीत. बंगळूरुजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात 2023 मध्ये बिबट्याची सात पिल्ले लस दिलेली असूनही या रोगाने दगावली.