फ्लॅट विकून साताऱ्यात शेती घेता येते? थांबा जरा

पुण्या-मुंबईतला फ्लॅट विकायचा, साताऱ्याकडं एकरभर जमीन घ्यायची, पैसे असले की कोणीपण घेऊ शकतं, हे मी किती वर्षं ऐकतोय आणि दरवेळी जीव तुटतो, कारण ते खरं नाहीये.

१९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ बघा. जो शेतकरी नाही त्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. शेतकरी म्हणजे तुमच्या नावावर सातबारा हवा, तोही साताऱ्यातलाच असं काही नाही, लातूरला वडिलोपार्जित दोन एकर असली तरी चालते. परवानगीशिवाय व्यवहार झालाच तर तहसीलदार चौकशी करून तो रद्द ठरवू शकतात आणि शेवटी जमीन सरकारजमा होऊ शकते.

माझ्या मावसभावाला वाईजवळ पाच गुंठे दाखवले. सातबारा हातात घेतला तर त्यावर नऊ नावं, हद्द नाही, खुणेचा दगड नाही, नुसती आंब्याची दोन झाडं आणि एजंट म्हणतोय नंतर नाव चढतंय की. मोजणी, बाकीच्यांच्या सह्या, तुकडेबंदी (म्हणजे शेतजमिनीचे फार छोटे तुकडे पाडून विकायला असलेली बंदी), कशाचाच पत्ता नाही. आम्ही टोकन दिलं नाही.

यायचंय तर जरूर या, साताऱ्यात राहणं खरंच परवडतं. एनए म्हणजे बिनशेती प्लॉट किंवा तयार घर घ्या, त्याला शेतकरी असायची गरज नाही. फक्त एनएची ऑर्डर स्वतः वाचा, आणि उन्हाळ्यात पाणी कुठून येतं ते एजंटला नाही, शेजारच्या घरातल्या काकूंना विचारा.